उल्केचा बस्ता

कापड दुकानात जाऊन घ्यायचं नाही, गठ्ठे घरीच आणवायचे, असं अक्कानं ठरवलंन तेव्हा आत्मारामांना हायसं वाटलं होतं. दुकानाच्या गादीवर चारचौघांत बसून लुगड्यांचे काठपदर निरखायचे, हे त्यांच्याच्यानं झालं नसतं. मुलीचा बाप म्हणून बस्त्याला बसणं भागच होतं. पण गेल्या पंचवीस वर्षांत त्यांनी बायकांच्या कापडाला बोटसुद्धा लावलं नव्हतं. बायको दमयंती होती तोवर तिची लुगडी ती स्वतः पसंत करी. ती गेली तेव्हा उल्का नऊ वर्षांची होती. मग परकर-पोलकी शिवून घ्यायचं काम त्यांच्या थोरल्या बहिणीनं, मथुराअक्कानं, अंगावर घेतलंन. आणि उल्का हायस्कुलात जायला लागली तशी दमयंतीची धाकटी बहीण राही गिरगावातून पातळं पाठवू लागली. गोल, पाचवारी, मुंबईच्या चालीची. आत्माराम ते पुडकं बंदरावरून सोडवून आणीत आणि न उघडता माजघरात ठेवून देत.

चैत्र सरत आला होता. पडवीत आंब्यांच्या अढ्या लागल्या होत्या आणि गवतातून येणारा गोडसर वास घरभर पसरला होता. ओटीवर सतरंजी टाकून भागोजी कापडवाल्यानं गठ्ठे सोडले होते. समोर पाटावर बसल्या होत्या मालगुंडच्या यमुनाबाई, होणाऱ्या विहीणबाई. आदल्या दिवशी बैलगाडीनं आणि मग तरीच्या होडीनं खाडी ओलांडून त्या रत्नागिरीत आपल्या मावसबहिणीकडं उतरल्या होत्या. त्यांचा मुलगा दत्तात्रेय मुंबईत एका विमा कंपनीत नोकरीला होता. लग्न वैशाखात. पण लग्नामागोमाग पावसाळा लागणार, आगबोटी बंद होणार. म्हणून सून पावसाळाभर मालगुंडास सासूजवळ राहील आणि गणपतीनंतर बोटी सुरू झाल्या की मुंबईस जाईल, असं दोन्हीकडून ठरलं होतं.

"रोजची इरकली घ्या, नऊवारीच," यमुनाबाई म्हणाल्या. "एक जरा बरं, सणावाराला. जास्त काही नको."

"विहीणबाई, पण जायचंय शेवटी मुंबईला," राही हसून म्हणाली. ती आठच दिवसांपूर्वी बोटीनं आली होती, खास भाचीच्या लग्नासाठी. येताना तिनं एक अख्खी ट्रंक भरून आणली होती. तिनं आता तीतून एक फिकट निळं पातळ काढून सतरंजीवर पसरलंन. वर फुग्याच्या बाह्यांचा झंपर. "हे बघा. आमच्या गिरगावात आता तरण्या मुली नऊवारी नेसतच नाहीत. दत्तोपंत हिला घेऊन चौपाटीवर फिरायला जायचे, तिथं ही कासोटा घालून गेली तर लोक म्हणतील, कुठल्या गावाहून आणली!"

"काय गो राही," माजघराच्या उंबऱ्याआतून अक्का म्हणाली, "मालगुंडाहूनच आणलीन म्हणतील. खोटं काय त्यात?"

यमुनाबाईंना हसू आलं. राहीलाही आलं. आत्मारामांना वाटलं, चला, गोडीनं निभावतंय.

अक्का उंबऱ्याच्या बाहेर आली नव्हती. विटून गेलेलं लाल आलवण, डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला पदर, हात मांडीवर. एकोणिसाव्या वर्षी ती अशी माहेरी परत आली होती. घरातलं सगळं तिच्या हातून होई, पण शुभकार्याच्या कापडाला तिनं शिवायचं नाही, हे कुणी सांगावं लागत नसे. यमुनाबाईही विधवाच, त्यांचे यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती. पण दत्तात्रेयानं न्हाव्याला घराच्या पायऱ्या चढू दिल्या नव्हत्या. यमुनाबाईंच्या पांढऱ्या लुगड्याला काळा बारीक काठ होता आणि पदराखाली अंबाडा होता. वर्षभर गावानं त्यांच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं, असं आत्मारामांच्या कानावर होतं. त्याविषयी त्या कधी बोलत नसत.

"असं करू या," आत्माराम म्हणाले, "निम्मी नऊवारी, निम्मी गोल. मालगुंडास ती, मुंबईस ही. काय गो उल्का?"

उल्का खांबाला टेकून उभी होती. ती लुगड्यांकडं बघत होती, आणि बघता बघता तिचा चेहरा उतरत चालला होता.

"मला नऊवारी नको," ती म्हणाली.

"म्हणजे कमी घेऊ म्हणतेस?"

"एकही नको, आप्पा."

भागोजी हातातली घडी उगाच पुन्हा घालू लागला.

यमुनाबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं, असं आत्मारामांना वाटलं. त्या उल्केकडं नीट बघत म्हणाल्या, "मुली, माझ्याकडं विहीर खोल आहे. गोठा आहे. वाडीत जायचं तर पऱ्ह्या ओलांडावा लागतो, पावसात त्याला गुडघाभर पाणी असतं. गोल नेसून तू चालशील कशी? मी हौसेनं नाही हो म्हणत."

उल्केनं मान खाली घातली.

"बरं." त्या उठल्या. "मुलगी मला आवडलीय, आत्मारामपंत. पण आमच्या घरच्या चालीचाच तिला कंटाळा असेल, तर ते आत्ता कळलेलं बरं. माझी गाडी उद्या पहाटे निघायची. दिवेलागणीला मी परत येते. काय ते सांगा."

भागोजीही उठला. "गठ्ठे असू देत इथंच," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मी संध्याकाळी येतो." उल्का तेवढ्यात जिना चढून माडीवर गेली होती.

*

ओटी रिकामी झाल्याबरोबर राहीनं कपाळाला हात लावलान. "मी हे नव्हतं हो शिकवलं तिला, भावोजी! मी म्हटलं, चार गोल असू देत बरोबर. एकही नको म्हण, असं कुठं म्हटलं मी? माझ्या ताईची मुलगी, आणि विहिणीच्या तोंडावर..." तिचे डोळे भरून आले. "मीच लाडावून ठेवलीय तिला. आता मी सांगते तिला, मुकाट्यानं नऊवारी घे."

आत्मारामांना वाटलं, आता अक्का राहीला चांगली सुनावणार. मुंबईच्या पातळांवरून दोघींचं गेले आठ दिवस चाललंच होतं. पण अक्का म्हणाली, "मुकाट्यानं नको. तिला ओरडू नकोस, राही. ती हट्टी पोर नाही. तिच्या मनात दुसरंच काहीतरी आहे."

"काय असणार?"

"ते मला ठाऊक असतं तर मी इथं बसले असते?" अक्का आत्मारामांकडं वळली. "तू जा, आत्मू. बाप आहेस."

"मी काय बोलू अक्का? लुगड्यातलं मला..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. लुगड्यातलं मला काय कळतं, असं ते म्हणणार होते. अक्काच्या तोंडावर ते म्हणवेना.

अक्कानं खाली बघितलंन. "जा," ती पुन्हा म्हणाली.

माडीचं दार लोटलेलं होतं. आत्मारामांनी खाकरून हाक मारली आणि दार ढकललं.

उल्का जमिनीवर बसली होती. तिनं कुणाच्या नकळत गठ्ठ्यातलं एक हिरवं इरकली वर नेलं होतं. तिच्या पातळावरूनच ते तिनं कसंबसं गुंडाळलं होतं. निऱ्या सुटून मांडीवर पडल्या होत्या, एक टोक पायाखाली आलं होतं, आणि त्या पसाऱ्यात बसून ती रडत होती.

"मला नेसता येत नाही, आप्पा," ती म्हणाली.

आत्माराम दारातच खाली बसले. तिचं रडणं ओसरेपर्यंत थांबले. मग ती सांगू लागली. गेल्या श्रावणात मैत्रिणीच्या मंगळागौरीला गेली होती. तिथं सगळ्या मुलींनी नऊवारी नेसायचं ठरलं, तशी हीही कुणाचं तरी मागून घेऊन, बघून बघून नेसली. फुगडी घालताना कासोटा सुटला. बायका हसल्या. हसल्या त्याचं तिला एवढं वाटलं नाही. पण एक बाई दुसरीला म्हणाली, आईवेगळी पोर, हिला कोण शिकवणार.

"तेव्हाच मी ठरवलं, कधी नेसायचंच नाही. मग कुणाला कळणारच नाही."

"आत्याला विचारायचंस की गो."

"आत्याला कसं विचारू?" उल्केनं डोळे पुसले. "दारावर काठाचं लुगडं विकायला आलं तरी ती आत निघून जाते. तिला म्हणू, मला नेसून दाखव? तिला काय वाटलं असतं, आप्पा?"

आत्माराम तिच्या मांडीवरच्या सुटलेल्या निऱ्यांकडं बघत राहिले. आपली मुलगी श्रावणापासून हे मनात धरून होती, स्वतःच्या लाजेपायी आणि त्याहून जास्त आत्याच्या दुःखापायी, आणि आपण नुसती पुडकी आणत होतो. राहीला बोलवावं का, असं त्यांच्या मनात आलं. पण राहीनंही नऊवारी सोडून दहा वर्षं झाली होती.

ते उठले. काळी टोपी काढून खुंटीला अडकवली. बंद गळ्याचा कोट काढून त्यावर टांगला. आता अंगात सदरा आणि खाली धोतर. त्यांच्या मिशा पिकायला लागल्या होत्या, पोट थोडं सुटलं होतं.

"खाली जाऊन दुसरं एक लुगडं घेऊन ये," ते म्हणाले. "लांबीला पुरं बघून आण."

उल्का त्यांच्याकडं बघत राहिली. मैत्रिणीची आजी एकदा तिला म्हणाली होती, तुझे वडील स्टेजवर लक्ष्मीसारखे दिसत. घरी येऊन हे विचारायची तिची छाती झाली नव्हती. ती उठली आणि खाली जाऊन लुगडं घेऊन आली.

*

त्या गोष्टीला घरात मज्जाव होता. सतराव्या वर्षापासून एकविसाव्यापर्यंत आत्माराम रत्नागिरीच्या हौशी मंडळींत नायिकेचं काम करीत. तेव्हा गावातल्या बायका नाटकाला येत त्या निम्म्या गाण्यासाठी आणि निम्म्या आत्माराम आज काय नेसलाय ते बघायला. पण ते नेसणं त्यांना शिकवलं होतं अक्कानं. विधवा होऊन ती परत आली तेव्हापासून तिची लग्नातली लुगडी ट्रंकेत तशीच होती, घडी न मोडलेली. दुपारी वडील, अण्णा, कचेरीत गेले की ती माजघराचं दार लावी, ट्रंक उघडी, आणि आपलं एकेक लुगडं धाकट्या भावाला नेसवी. निऱ्या घाली, पदर काढी, मग चार पावलं मागं जाऊन म्हणे, आता चाल. तो चाले. ती बघत राही. तेव्हा त्याला वाटे, ती आपलं चालणं सुधारतेय. ती कशाकडं बघत होती हे कळायला त्यांना बरीच वर्षं लागली.

दमयंतीचं स्थळ आलं तेव्हा मुलीच्या वडिलांनी अट घातली, जावई नाटकात नको. अण्णांनी त्याच दिवशी ट्रंक बाहेर काढलीन आणि ती सगळी लुगडी फाडून गोधड्यांना दिलीन. आत्मारामांनी मिशा राखल्या. पांढरं धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी; त्यानंतर त्यांनी अंगावर कधी रंग घेतला नाही.

आता त्यांनी लुगड्याचं टोक कमरेभोवती आणलं, धोतरावरून, आणि पुढं गाठ मारली. बोटांना आठवतंय का, याची त्यांना धास्ती होती. बोटांना सगळं आठवत होतं.

"तू तुझं नेस, मी माझं नेसतो," ते म्हणाले. "माझ्या हाताकडं बघ. आधी गाठ. घट्ट, पण श्वास घेता आला पाहिजे. आता हा भाग पुढं सोडायचा आणि निऱ्या घ्यायच्या. घाईनं नाही. एका वितीच्या. अंगठा आत ठेव."

"असं?"

"मोठी झाली. सोड, पुन्हा घे."

उल्केनं पुन्हा घेतल्या. यावेळी जमल्या. सदऱ्यावर लुगड्याच्या निऱ्या धरून उभ्या असलेल्या बापाकडं बघून तिला एकदम हसू फुटलं, आणि आत्मारामांनाही आवरेना.

"गाठ डावीकडं घसरलीय, आत्मू," दारातून आवाज आला.

अक्का उभी होती. हसण्याचा आवाज ऐकून ती वर आली असावी. तिनं भावाकडं बघितलंन. मिशा, सदरा, आणि खाली काठाचं लुगडं. क्षणभर तिचा चेहरा इतका गंभीर झाला की आत्मारामांना वाटलं, चुकलंच. मग ती हसायला लागली. चौकटीला धरून, पदर तोंडात घालून, खांदे हलवत ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे गळू लागले.

"अगो बाई, केवढा हा थोराड झालास," ती म्हणाली. "तेव्हा किती नाजूक दिसायचास रे."

"मग आता तूच सांग बाहेरून. मला पुढचं नक्की आठवत नाही," आत्माराम म्हणाले. त्यांना आठवत होतं.

अक्का आत आली नाही. चौकटीबाहेर उभी राहून ती सांगत गेली: उरलेलं पोटाशी खोच, तो ओचा. आता पदर. नाही, आधी पाठीवरून. उल्का, हनुवटीनं धरून ठेव, हात मोकळे कर. आत्माराम करून दाखवत होते, उल्का मागोमाग करत होती.

"हा पदर बघ," आत्माराम म्हणाले. "मी काम करायच्या आधी बायका तो डोक्यावरूनच घेत. मी खांद्यावरून असा सोडला, ह्याच अक्काच्या सांगण्यावरून. म्हाताऱ्या म्हणाल्या, बुडाला धर्म. आणि महिन्याभरात विहिरीवर निम्म्या बायका तसाच घ्यायला लागल्या. आज तुझी राहीमावशी त्याला जुनाट म्हणते."

"म्हणजे मावशीचं गोलसुद्धा..."

"तुझी मुलगी त्याला जुनाट म्हणेल. म्हणू दे. तू कापड चांगलं बघ, रंग तुझ्या अंगाला खुलतो का बघ. आणि कामाला उपयोगी पडतं का ते बघ. विहिरीवर कासोटा लागतो, ट्रामच्या पायरीवर गोल बरं. दोन्ही येत असलं म्हणजे कुणापुढं मान खाली घालावी लागत नाही."

"आणि फुग्याच्या बाह्या?" अक्कानं विचारलंन.

"त्या दोन वर्षांत जातील. एकच शिव."

"दोन तरी असू देत हो, भावोजी!" जिन्यावरून राही म्हणाली. ती केव्हाची अर्ध्या पायरीवर उभी होती कोण जाणे. मेहुण्याला त्या अवतारात बघून ती अवाक झाली होती, पण बोलली ते झंपराचंच. "ह्या हिरव्यावर माझा तो डाळिंबी खणाचा झंपर घालून बघा. बाह्या साध्याच आहेत. चोळीपेक्षा उठून दिसेल."

"खण का? मग दिसेल," अक्का म्हणाली. आठ दिवसांत प्रथमच दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं.

राहिला होता कासोटा. उल्केनं तीनदा मागं खोचला आणि तीनदा चालल्याबरोबर तो ढिला पडला. चौथ्यांदा ती रडकुंडीला आली.

"आत्या, तू खोच."

"मी?" अक्का एक पाऊल मागं सरली. "नको गो. शुभकार्याचं नवं लुगडं. मी शिवायचं नाही."

"मग मी खाली यायची नाही."

"राही खोचील."

"मला नाही हो येत आता," राही म्हणाली. ते खरं होतं की नाही, आत्मारामांना सांगता आलं नसतं. तिनं त्यांच्याकडं बघितलं नाही.

"आत्या, हे तुझं नेसण आहे," उल्का म्हणाली. "आप्पांना तूच शिकवलंस. मला आईनं शिकवलं नाही, तूच शिकवतेयस. मग हात लावायला काय झालं?"

अक्कानं भावाकडं बघितलंन. पंचवीस वर्षांपूर्वी अण्णांनी लुगडी फाडली तेव्हा ती अशीच त्याच्याकडं बघत होती, आणि तो काही बोलला नव्हता.

"अक्का, ये," आत्माराम म्हणाले. "मी सांगतो, ये."

अक्का चौकट ओलांडून आत आली. तिनं दोन्ही हात आलवणाला पुसलेन, उल्केच्या मागं गुडघ्यांवर बसली, आणि हिरव्या काठाची घडी हातात घेतलीन. थोडा वेळ ती नुसती धरून ठेवलीन. मग एकदा सरळ केलीन, एकदा दुमडलीन आणि पाठीशी खोचलीन.

"चाल," ती म्हणाली.

उल्का माडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. मग वळली आणि झपझप परत आली. राहीनं पुढं होऊन तिचे हात धरलेन आणि दोघींनी दोन फेरे फुगडीचे घातले. कासोटा हलला नाही.

*

दिवे लागायच्या वेळी यमुनाबाई आल्या तेव्हा आत्माराम कोट-टोपी घालून ओटीवर उभे होते. भागोजी गठ्ठ्यांपाशी बसला होता. माजघरातून उल्का बाहेर आली. हिरवं इरकली, डाळिंबी झंपर, पदर खांद्यावरून. तिनं वाकून नमस्कार केला आणि उभी राहिली.

यमुनाबाईंनी तिला पायापासून वर बघितलं. "सकाळी एकही नको म्हणत होतीस."

"येत नव्हतं," उल्का म्हणाली. "लाज वाटत होती सांगायची."

"आणि आता?"

"आता येतं. म्हणजे, शिकतेय."

"कुणी शिकवलं?"

जुळत आलेलं स्थळ, मालगुंडासारखं गाव; सासरा नाटकातला आणि बस्त्याच्या लुगड्याला विधवेचा हात, एवढं कुणालाही बोलायला पुरे होतं. राही काहीतरी सांगून वेळ मारून नेणार, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. पण उल्का सरळ म्हणाली, "आप्पांनी शिकवलं. ते नाटकात काम करायचे. आणि कासोटा आत्यानं खोचलाय."

यमुनाबाईंनी आत्मारामांकडं बघितलं. आत्मारामांनी नजर खाली केली नाही. करावीशी वाटली, पण केली नाही.

"आईवेगळ्या मुलीला बापानं शिकवलंन," यमुनाबाई म्हणाल्या. "माझ्या दत्तूला सांगितलं तर तो दहा जणांना सांगत सुटेल." मग उल्केला म्हणाल्या, "गोल घ्यायची नाहीस का एखादं?"

"घेईन म्हणते. घरात आणि वाडीत नऊवारी नेसेन. गणपतीपुळ्यास देवळात गेलो तर गोल चालेल?"

"देवळात चालेल. विहिरीवर मात्र नको हो, पाय अडकून पडशील, आणि मला पोहता येत नाही."

राही खळखळून हसली. भागोजीनं निळं पातळ आणि इरकली एकाच ढिगात ठेवली. सगळं मार्गी लागलं असं वाटून आत्माराम पाटावर टेकले. पण यमुनाबाई बसल्या नाहीत. त्या माजघराच्या उंबऱ्याशी गेल्या. आत अक्का नेहमीच्या जागी होती.

"मथुराताई, एक विचारू? लग्न झालं की मुलीबरोबर पाठराखीण कोण येणार आहे?"

"राही येईल की. मावशी आहे. सवाष्ण आहे."

"त्यांना बोटी बंद व्हायच्या आत मुंबई गाठायची असेल. मला चार दिवसांची पाठराखीण नकोय. माझ्या घरात पावसाळाभर आम्ही दोघीच. तुम्ही या."

अक्काला काही समजलं नसावं असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग समजलं. "मी?" तिचा हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडं गेला. "विहीणबाई, नव्या नवरीच्या मागून, मी अशी... तुमच्या गावचे लोक काय म्हणतील?"

"म्हणतील. माझ्या घरचं पाणी त्यांनी वर्षभर घेतलं नाही. मग आषाढात एकाच्या पोराला ताप भरला, तेव्हा माझ्याकडंच काढा मागायला आले." यमुनाबाईंनी आवाज खाली घेतला. "मला कुणीतरी बरोबरीचं बोलायला हवंय हो. दत्तू मुंबईस गेला की मी भिंतींशी बोलते."

आत्मारामांना वाटलं, अक्का नको म्हणेल. तिनं मान हलवायला सुरुवातही केलीन. मग तिची नजर उल्केवर गेली, पाठमोऱ्या उल्केच्या कमरेवर, जिथं काठ तिच्या हातानं खोचलेला होता.

"माझ्याकडं नेसायला हे आलवणच आहे," ती अखेर म्हणाली. ते नाही नव्हतं.

"भागोजी," आत्माराम उठून म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "पांढरं काढ. काळ्या बारीक काठाचं."

भागोजीनं गठ्ठ्यातून एक काढून उंबऱ्यापर्यंत सरकवलं. अक्कानं उंबऱ्यावरून हात पुढं केलान. आधी नुसता पदराला लावलान. मग लुगडं मांडीवर ओढून घेतलंन, घडी उलगडलीन, दिव्याकडं धरलंन, अंगठा आणि तर्जनीत कापड चोळून बघितलंन. छत्तीस वर्षांत तिनं स्वतःसाठी एक रुमालही निवडला नव्हता. आत्माराम बघत राहिले.

अक्कानं कपाळाला आठी घातलीन आणि लुगडं भागोजीकडं परत ढकललंन.

"हे नको रे. पोत विरळ आहे. दुसरं दाखव."